वरची बास्केट, खालची बास्केट

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या रस्त्यावरची झाडं पिवळी व्हायला लागतात आणि मला धुणं आठवतं. पानगळ बघून लोकांना काय काय सुचतं, कविता सुचतात, फोटो काढावेसे वाटतात. मला धुणं. परवा कोजागिरीसाठी दूध आटवत गॅसपाशी उभी होते. मुलगी मृणाल दोन दिवस राहायला आलेली. ती लाँड्री रूममधून ओरडली, "आई, व्हाय डू यू स्टिल हॅव टू बास्केट्स? यू लिव्ह अलोन!"

खरंच आहे तिचं. नवऱ्याला, श्रीकांतला, जाऊन चार वर्षं झाली, एकटीचे कपडे ते किती असणार? तरी माझी एक बास्केट वरच्या फळीवर असते आणि एक खाली जमिनीवर. वरची बहुतेक रिकामीच. पाहुणे आले की मी कपडे मागून घेते, पण त्याआधी विचारते, "तुमच्याकडे धुण्याचं कसं असतं? काही वेगळं ठेवायचं का?" पाहुणे एकमेकांकडे बघतात. जावई तर पहिल्या खेपेला घाबरलाच होता, सासूला काही संसर्गाचा आजार आहे अशी त्याची समजूत झाली.

"तुला दॉ खिन आठवते का गं?" मी विचारलं.

"द लेडी अपस्टेअर्स? विथ द टी लीव्हज?"

तीच. मृणाल तेव्हा सहा वर्षांची होती, तिला आंबवलेल्या चहाच्या पानांची ती कोशिंबीर तेवढी आठवते. मला बाकीचं सगळं आठवतं.

अठ्ठ्याऐंशी सालचा तो सप्टेंबर-ऑक्टोबर. आम्ही न्यू जर्सीत आयसेलिनला राहायचो, विटांच्या दुमजली अपार्टमेंटमध्ये. खाली आम्ही, वर ते दोघं. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली मोजकीच दुकानं होती, पण हिंग आणि पोहे मिळायचे, एवढ्यावर आम्ही खूश होतो. वरचे दोघं ब्रह्मदेशातले, रंगूनचे. दॉ खिन पंचावन्नच्या आसपास, आणि तिचा नवरा ऊ तान, तिकडे शाळामास्तर होता, इकडे एका गोदामात पहाटेच्या पाळीला जायचा. बर्मी माणसाला आडनाव नसतं. दॉ म्हणजे मावशी-काकू, ऊ म्हणजे काका, नावाआधी लावायचं मानाचं. पण आडनावाशिवाय या देशात एकही फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून ऊ तानच्या लायसन्सवर त्याचं पहिलं नाव 'ऊ' लागलं होतं. म्हणजे सगळ्या न्यू जर्सीनं त्याला निव्वळ 'काका' म्हणून हाक मारायची! ते समजल्यावर मी इतकी हसले की दॉ खिनलाही हसू आवरेना. तिथून आमचं जमलं.

जमलं म्हणजे काय, मला ती माणसं अगदी आपलीच वाटायला लागली. चपला दाराबाहेर काढायच्या. मोठ्या माणसाकडे पाय करून बसायचं नाही. दोन माणसं बोलत असली तर मधून जाताना वाकून जायचं. काही द्यायचं तर उजव्या हातानं, आणि डावा हात उजव्या कोपराला लावून. मृणालला शाळेच्या बसवरून रोज दॉ खिन घरी आणायची, पण तिच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही तिनं. डोकं म्हणजे माणसाची सगळ्यात वरची, मानाची जागा, तिला असा सहज हात लावायचा नसतो. हेही मला दोन दिवसांत कळलं. आमच्या समोर राहणारी पेगी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली तेव्हा दारातच उभी राहून म्हणाली, "मी काय काय करायचं नाही ते आधी सांगा." मी मनात म्हटलं, बाई गं, घरात शिरायला काय परीक्षा असते? मला कुठे काही विचारावं लागलं होतं? मला सगळं येत होतं ना बाप्पा!

तिथेच माझं घोडं पेंड खात होतं. पेगीला काही येत नव्हतं म्हणून ती विचारत होती, आणि मला दहातल्या नऊ गोष्टी येत होत्या म्हणून मी दहावी विचारली नाही.

त्यांचा मुलगा झॉ रंगूनला होता, बावीस वर्षांचा, कॉलेजात. पासपोर्ट मिळाला नाही म्हणून मावशीपाशी मागे राहिलेला. त्या उन्हाळ्यात तिकडची मुलं रस्त्यावर उतरली होती. संध्याकाळच्या बातम्यांत कधी तरी दहा सेकंद दिसायची, झेंडे घेतलेली, डोक्याला फडकी बांधलेली. ते दोघं टीव्हीच्या काचेला नाक लावून त्या दहा सेकंदांत आपला मुलगा शोधायचे. सप्टेंबरच्या मध्यावर सैन्यानं सत्ता हातात घेतली, गोळीबार झाला आणि रंगूनचे फोन बंद पडले. एकदम बंद. त्यानंतर वरच्या मजल्यावर फोन वाजला की मला छतातून ऐकू यायचा. दोन घंटा, मग पावलं, मग गप्प. ती गप्प झालेली पावलं परत फिरायला फार वेळ लागायचा.

झॉचा एक निळ्या चौकडीचा शर्ट दॉ खिननं येताना बरोबर आणला होता. तो इथे कोणी घालत नव्हतं. तरी दर आठवड्याला ती तो धुवायची, इस्त्री करायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा धुण्यात टाकायची. घरातल्या माणसाचे कपडे धुण्यात असतातच ना, तसं. मी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

त्याच दिवसांत लसूण तळताना तिच्या उजव्या हातावर तेल उडालं, मनगटापर्यंत भाजलं. पट्टी बांधलेला हात बघून मी म्हटलं, धुणं मी लावते.

"नको नको."

"अहो, मी लावतेच आहे, त्यात तुमचं."

"नको, खरंच."

"काहीतरीच काय, द्या इकडे."

तिसऱ्यांदाही ती नको म्हणाली. आता आपल्याकडे तीनदा नको म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे, पानात चौथी पोळी पडतेच. तिच्यात भीड इतकी की चौथ्यांदा नको म्हणणं म्हणजे माझा अपमान. ती नुसती हसली. मी बाथरूममध्ये गेले. एक बास्केट वर फळीवर होती, एक खाली कोपऱ्यात. दोन्ही उचलल्या, तळघरातल्या मशीनमध्ये एकत्र रिकाम्या केल्या, वर साबण ओतला आणि झाकण लावलं. खाली-वर का, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

ड्रायर त्या दिवशी बंद होता. पण ऊन असं लख्ख पडलेलं, आणि वारा! मागच्या अंगणात दोन तारा होत्या, एक उंच, एक खाली. वरच्या तारेवर मी दॉ खिनचे तमेइन वाळत घातले. तमेइन म्हणजे त्यांच्या बायका कमरेला गुंडाळतात ते लुंगीसारखं वस्त्र, काय सुंदर रंग असतात एकेकाचे. खालच्या तारेवर ऊ तानचे शर्ट, आणि मधोमध झॉचा निळा चौकडीचा. लांब उभी राहून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

दुपारी ऊ तान कामावरून आला. अंगणाच्या टोकाला थबकला. तारांकडे बघितलं, आणि वळसा घालून सगळ्या इमारतीला प्रदक्षिणा करून पुढच्या दारानं आत गेला. मला वाटलं, टपाल बघायला गेला असेल. दोन मिनिटांत दॉ खिन अनवाणी खाली आली. पट्टीचा हात छातीशी धरून डाव्या हातानं तिनं आधी झॉचा शर्ट ओढला. चिमटे उडाले. "इट्स ओके, इट्स ओके," ती म्हणत होती, "थँक यू, व्हेरी काइंड," आणि हसत होती. तसलं हसणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नंतर कितीतरी वेळ वर टबात पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती मृणालला दारापर्यंत सोडायची आणि वाकून परत जायची. आत यायची नाही. चहा नाही, गप्पा नाहीत. एक शब्दही वावगा नाही, हो! उलट जास्तच नम्र. मला वेड लागायची पाळी आली. शेवटी चौथ्या-पाचव्या दिवशी ऊ तानला मी जिन्यात अडवलं. बिचारा नजर खाली घालून बोलत होता. म्हणाला, आमच्यात बायकांची कमरेखालची वस्त्रं पुरुषांच्या कपड्यांबरोबर धूत नाहीत. पुरुषाच्या डोक्याच्या वर टांगत नाहीत. त्याखालून पुरुष गेला की त्याचं तेज जातं, त्याला राखणारं जे काही असतं ते जातं. "जुनी समजूत आहे. तुम्ही मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "पण तिला वाटतं, आता झॉपाशी ते उरलं नाही."

काय झालं माहीत आहे? मला दया आली नाही. संताप आला. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

मी अकोल्याची. चौदा वर्षांची असताना माझा मोठा भाऊ दिलीप मॅट्रिकला होता. गणिताच्या पेपरच्या दिवशी आई कामात होती म्हणून निघताना त्याच्या हातावर दही मी घातलं. मी 'बाहेरची' होते त्या दिवशी, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दिलीप गणितात नापास झाला. मुळात त्याला सातवीपासून गणित येत नव्हतं, मास्तरांनी हात टेकले होते. पण आत्यानं कुठून तरी हिशेब जुळवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हिनं दही दिलं ना!" आई एक अक्षर बोलली नाही. तो सगळा उन्हाळा मी भावाच्या समोर जायचं टाळत होते. त्यानंतर मी मायक्रोबायोलॉजी शिकले, कापडावर काय असतं आणि काय नसतं ते रोज डोळ्यांनी बघायला लागले, आणि या सगळ्या प्रकाराला लाथ मारून इतक्या दूर आले. तर तोच प्रकार जिना चढून माझ्या डोक्यावर राहायला आलेला!

"तू तिची माफी माग," श्रीकांत म्हणाला.

"कशाबद्दल? बाईचे कपडे धुतल्याबद्दल?"

"ते तुझं तू ठरव. पण माग."

अलीकडे, काही वर्षांपूर्वी, मी एक फोटो पाहिला. तिकडे पुन्हा सैन्य रस्त्यावर आलेलं, आणि बायकांनी गल्ल्यांच्या तोंडांवर, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, दोऱ्या बांधून आपले तमेइन टांगलेले. बंदुका घेतलेले शिपाई त्याच्या अलीकडे उभे, खालून जाववेना. कुणी तरी काठीनं ते उतरवेपर्यंत खोळंबलेले. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले. त्या जिन्यात हे मला कुणी सांगायला हवं होतं.

पण तेव्हा आयसेलिनमध्ये मी नुसती धुमसत होते. आणि धुमसत असतानाच वर फोन वाजला की हातातलं काम थांबायचं. पोळी तव्यावर करपायची. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून निरोप आला, झॉच्या कॉलेजची काही मुलं गेली. नावं नव्हती. त्या संध्याकाळी वर कोणी दिवा लावला नाही.

झॉच्या काळजीनं माझी झोप उडाली होती असं लिहायला मला आवडेल. खरं सांगायचं तर काळजी माझीही होती. तो मुलगा गेला तर दॉ खिन मला कधीच काही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती वाकेल, हसेल, मृणालला दारापर्यंत सोडेल. आणि दर वेळी मला बघितलं की तिला ती तार दिसेल. आत्या निदान बोलली तरी होती. माझा त्या समजुतीवर काडीचा विश्वास नव्हता, आणि तरी मी भांडी घासता घासता पुटपुटायची, येऊ दे रे बाबा एकदाचा त्याचा फोन. कुणाला म्हणत होते देव जाणे.

कोजागिरी आली. मी मसाला दुधाची तयारी करत होते, आणि मृणाल धावत आली, "ममा, देअर आर कँडल्स ऑन द स्टेअर्स!" जिन्याच्या पायरीपायरीवर मेणबत्ती. आपली कोजागिरी तीच त्यांची तदिंजुत, आश्विनातलीच ती पौर्णिमा, त्यांचा दिव्यांचा सण. घरात हे असं चाललेलं, तरी दॉ खिननं दिवे लावले होते. ऊ तान मृणालला समजावत होता, या दिवशी लहानांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे आणि वर्षभरात कळत-नकळत जे चुकलं असेल त्याची क्षमा मागायची.

"यू हॅव टू से सॉरी फॉर एव्हरीथिंग!" मृणालला ही कल्पना फारच आवडलेली.

मी दुधाचं भांडं घेऊन वर गेले. चंद्र नुकता समोरच्या छपरांवर आला होता. दॉ खिन बुद्धाच्या छोट्या मूर्तीपाशी बसली होती. हात बरा झाला होता, नवी गुलाबी कातडी आली होती. मी समोर गुडघे टेकले. म्हटलं, "कपडे एकत्र धुतले याची क्षमा मी मागणार नाही. तुमचे कपडे घाण आहेत असं मी म्हणणार नाही, कोणी सांगितलं तरी. पण मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही तीनदा नको म्हणालात आणि मी ऐकलं नाही. त्याची मागते."

तिनं दुधाचं भांडं माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुला ते खोटं वाटतं ना?"

"हो."

"मुलगा घरात असता तर मलाही खोटं वाटलं असतं."

माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला नाही. चार बोटांच्या अंतरावर धरला आणि तिच्या भाषेत काही तरी पुटपुटली. मग आम्ही दूध प्यायलो. वेलची जास्त झाली होती. फोनकडे कोणी बघायचं नाही असं जणू आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि सगळे तिकडेच बघत होतो.

फोन आलाच नाही. पत्र आलं, नोव्हेंबरात, झाडं पार बोडकी झाल्यावर. बँकॉकहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवलेलं, चुरगळलेलं. त्या दुपारी छतावर पावलं धावली. थांबली नाहीत, धावत जिना उतरून माझ्या दारापर्यंत आली. दॉ खिननं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच वर नेलं. चपला काढायच्याही राहिल्या माझ्या.

ऊ तान पत्र वाचत होता, एक ओळ बर्मीत आणि मग माझ्यासाठी इंग्रजीत. झॉ जिवंत होता. थायलंडच्या सीमेवर, जंगलात, इतर मुलांबरोबर. हिवतापानं पडला होता, आता उठून बसत होता. रंगूनमधून बाहेर पडताना दोन ठिकाणी शिपायांनी गाडी थांबवली, मुलगे तेवढे खाली उतरवले. झॉला उतरवलं नाही. मावशीनं त्याला आपला तमेइन नेसवला होता, तिकडच्या बायका लावतात तो चंदनासारखा पिवळा लेप गालांना लावला होता, डोक्यावरून शाल आणि मांडीवर भाजीची टोपली. शिपायानं त्याच्या पायाशी ठेवलेली गाठोडी तपासली आणि त्याला बाई समजून पुढे सरकला. ऊ तान हे वाचून गेला आणि पुढच्या ओळीवर अडखळला. तिथे लिहिलं होतं, हे आईला सांगू नका.

मी दॉ खिनकडे बघायचं धाडसच केलं नाही. मग तिनं विचारलं, "कुठला तमेइन? तपकिरी की हिरवा?"

"ते लिहिलेलं नाही," ऊ तान म्हणाला.

"हिरवा असेल. हिरवा लांबीला जास्त आहे," ती म्हणाली, आणि तोंडावर हात घेऊन हसायला लागली, आणि हसता हसता अशी रडायला लागली की मला तिला धरून बसावं लागलं. मीही रडत होते. ऊ तान खिडकीशी जाऊन उभा राहिला.

झॉ इथे पोचायला पुढे तीन वर्षं लागली. पण मला ते पोचणं तितकं आठवत नाही, जितका त्या पत्रानंतरचा शनिवार आठवतो. दॉ खिनचा हात बरा झाला असला तरी जड बास्केट घेऊन दोन जिने उतरणं तिला जमत नव्हतं, म्हणून मी वर गेले. या वेळी दोन वेगवेगळी मशिनं लावायची असं ठरवूनच गेले होते. फळीवरच्या, म्हणजे पुरुषांच्या, बास्केटमध्ये ऊ तानचे शर्ट होते, नेहमीसारखे. त्यात काही बदल नव्हता, आणि होईल असं मला वाटलंही नव्हतं. खालच्या बास्केटमध्ये तिचे तमेइन होते, आणि त्यांच्या मधोमध, नीट घडी घालून ठेवलेला, निळ्या चौकडीचा शर्ट.

चुकून आला असेल म्हणून मी तो काढायला गेले. मग हात मागे घेतला आणि विचारलं, "हा इथेच?"

"राहू दे तिथेच," दॉ खिन म्हणाली. "तिथे त्याला कोणी हात लावत नाही."